या कोटात रफू आहे

"आई, एक लाइन में बता. तू करती क्या है?"

रूपालीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता आणि बोटं कळफलकावर ठेवून ती आईकडे बघत होती. आमची ही एकुलती एक मुलगी शंकर नगरच्या एका ऑफिसात लोकांच्या वेबसाइट बनवते. दवाखान्यांच्या, कोचिंग क्लासच्या, एकदा तर वरातीला घोडी देणाऱ्या एका माणसाचीही बनवली होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत देते. रायपूरमध्ये वाढलेल्या मुलांचं असंच असतं, आणि त्याला आम्हीच जबाबदार आहोत.

पद्मिनी विळीवर भेंडी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काई नाही. फाटलेलं दिसू देत नाही."

रूपालीने ते लगेच टाइप केलं. मी म्हटलं, खोड ते. असं कुठे लिहितात का? वेबसाइट म्हणजे चार लोकांत जाणारी गोष्ट, तिला काही भारदस्तपणा हवा. मजकूर मी लिहून देतो.

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी रामकृष्ण धकाते, रेल्वेच्या राजभाषा विभागातून वरिष्ठ अनुवादक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी केलं. दर सप्टेंबरातल्या हिंदी पखवाड्यात निबंधाचं पहिलं बक्षीस अकरा वेळा घेतलं. साध्या माणसाला एका वाचनात कळेल असं एकही वाक्य मी नोकरीत लिहिलं नाही, आणि त्याबद्दल मला सहा प्रमाणपत्रं मिळालेली आहेत. ती बैठकीत टांगलेली आहेत, आलेल्या माणसाने नाही पाहिली तर मी दाखवतो.

आणि पद्मिनी रफू करते. पंडरीच्या कापड बाजारात एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली ती सत्तावीस वर्षं बसली. पवनीच्या कोष्ट्याची मुलगी, मागावर तुटलेला धागा जोडायला बापाने तिला आठव्या वर्षी शिकवलं होतं. लग्न होऊन रायपूरला आली, रूपाली शाळेत जायला लागली, आणि हिने एक दिवस सुयांचा डबा उचलून त्या जिन्याखाली बस्तान मांडलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सकाळचं ऊन आलं की काम सुरू, ऊन उतरलं की बंद. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतात म्हणते. रफूचा धागा ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून काढते. बाहेरचा धागा लावणाऱ्या माणसाला ती रफू करणारा मानतच नाही, नुसता टाके घालणारा म्हणते.

तिच्या धंद्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही, कुठे फाटलं कसं फाटलं हेही विचारायचं नाही. कपड्याच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ बांधायची, तसलाच तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, की झाली पावती. कारण आपली साडी रफू केलेली आहे हे कोणालाच दुसऱ्याला कळू द्यायचं नसतं. त्यामुळे सत्तावीस वर्षांत तिला गिऱ्हाइकांची नावं माहीत नव्हती आणि गिऱ्हाइकांना तिचं. तिच्या डोक्यात त्यांच्या नोंदी कापडाच्या होत्या. भाजी बाजारात एखादी बाई दिसली की ती मला हळूच सांगायची, "ते पाहा, जांभळा कोसा, पदराले उंदीर लागला होता."

एक गोष्ट मला कबूल करायची आहे. ऑफिसात कोणी विचारलं की वहिनी काय करतात, तर मी सांगायचो, त्या पंडरीत कपड्याच्या लाइनमध्ये आहेत. लोकांना वाटायचं, मोठं दुकान असेल. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. जिन्याखाली बसून रफू करते, हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. पद्मिनीला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. तिने कधी विचारलं नाही. कसं फाटलं ते न विचारण्याची तिला सवयच होती.

तर गणपतीच्या दिवसांत इमारतीच्या मालकाने निरोप दिला की दिवाळीनंतर जिना पाडणार, त्या जागी लिफ्ट बसणार. माणूस वाईट नव्हता, स्वतः सांगायला आला, मिठाईही घेऊन आला. पण जागा गेली. पद्मिनीने ठरवलं की आता तात्यापाऱ्यात, घरीच काम करायचं. पूर्वेच्या खिडकीत ऊन चांगलं येतं. त्या खिडकीत माझी आरामखुर्ची होती. एका सकाळी मी दूध घेऊन परत आलो तेव्हा खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी गेलेली होती.

प्रश्न एवढाच होता की लोकांना कळणार कसं. ना त्यांचा नंबर हिच्याकडे, ना हिचा त्यांच्याकडे. म्हणून रूपालीने वेबसाइटची गोष्ट काढली. पद्मिनीने ऐकून घेतलं आणि भेंडी चिरता चिरताच आपला निर्णय सांगितला.

"संक्रांतीपर्यंत पायते. आलं कोणी तं ठीक. नाही तं डबा पोटमाळ्यावर ठिऊन देईन. रिकाम्या खिडकीत सुई घिऊन बसाची मले हौस नाही."

तिने हे असं सांगितलं की जणू उद्या वरण करते की कढी. पण मी तिच्याबरोबर छत्तीस वर्षं राहिलो आहे. त्या रात्री भाजी अळणी होती, आणि ती मीठ न घेताच जेवली.

मग मी मजकूर लिहिला. चार दिवस लागले. 'धकाते वस्त्र पुनरुद्धार केंद्र' असं नाव दिलं. खाली लिहिलं, 'क्षतिग्रस्त परिधानों का सूक्ष्म एवं अदृश्य पुनर्संधान'. मग प्रास्ताविक, मग उद्देश, मग सेवांचं वर्गीकरण. वर फिरणारं कमळ हवं होतं आणि संचालक मंडळ म्हणून माझा बक्षीस घेतानाचा फोटो. रूपालीने वाचलं. मग म्हणाली की बाबा, हे कोणी शोधणार नाही. मी म्हटलं, शोधणाऱ्याची पातळी आपण का खाली आणायची? ती म्हणाली ठीक आहे, तिच्या ऑफिसात असे क्लायंट रोज येतात, एकदा त्यांच्या मनासारखं करून दाखवावं लागतं.

दिवाळी झाली, जिना पाडायला माणसं आली. पद्मिनी डबा आणि बसायचा पाट घेऊन रिक्षाने घरी आली. वेबसाइट सुरू झाली.

तीन आठवडे झाले. लग्नसराई जोरात होती, याच दिवसांत तिला पूर्वी डबा खायला फुरसत मिळायची नाही. आता ती सकाळी खिडकीत बसायची, घरातल्या चादरी रफू करायची, मग चादरीही संपल्या. रूपालीने एक दिवस आकडे दाखवले. एकवीस दिवसांत पान सेहेचाळीस वेळा उघडलं गेलं होतं. मी खुश झालो. तिने सांगितलं की त्यातले एकेचाळीस वेळा माझ्याच फोनवरून. उरलेल्या पाचांत तिची मैत्रीण सोनिया तीनदा होती, ते कमळ फिरतं का बघायला.

फोन मात्र एक आला. अभनपूरहून कोणी शेतकरी बोलत होता. मी मोठ्या आवाजात 'धकाते वस्त्र पुनरुद्धार केंद्र' म्हटलं. त्याने अतिशय नम्रपणे विचारलं की साहेब, या योजनेला अर्ज कुठे करायचा, आधार कार्ड चालेल की रहिवासी दाखलाही लागेल. मी त्याला समजावलं की ही सरकारी योजना नाही. तो म्हणाला, लिहिलं तर तसंच आहे. मग हळू आवाजात विचारलं, यादीत नाव यायला साधारण किती दिवस लागतात?

पद्मिनी खिडकीत ऐकत होती. ती हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. ती हसली असती तर मी रागावू शकलो असतो.

रूपालीने त्या संध्याकाळी मला समोर बसवलं. तिचं म्हणणं साधं होतं. लोक फोनमध्ये तेच शब्द टाकतात जे त्यांच्या तोंडात असतात. साडीला भोक पडलेली बाई 'क्षतिग्रस्त परिधान' असं मनात म्हणत नाही. म्हणून तिने मला काम दिलं.

"बाबा, पंडरी जाके बैठो. दो दिन. लोग आई को ढूंढते हुए आएंगे. जो बोलेंगे, वही लिखना है. एक शब्द भी सुधारना नहीं."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो. इमारतीसमोर हिरालालचा चहाचा ठेला आहे, त्याच्या बाकावर बसलो. समोर हिरवं कापड लावलेलं, आत छिन्नीचे आवाज. मला वाटलं होतं, दोन-चार लोक येतील.

पहिल्या तासात सात आले. थांबायचे, हिरव्या कापडाकडे बघायचे, मग हिरालालला विचारायचे. हिरालाल बिचारा दिवाळीपासून एकच उत्तर देत होता, "हव, बइठत रिहिस. अब कहां गे, नइ जानंव." म्हणजे बसायची खरी, आता कुठे गेली ठाऊक नाही. हातात पिशवी छातीशी धरलेली, आवाज खाली. मी लिहीत गेलो. 'वो सीढ़ी के नीचे वाली दीदी कहां गई?' 'साड़ी प्रेस से जल गई.' 'शेरवानी कील में फंस गई, परसों बारात है.' 'कोसा साड़ी चूहे ने काट दी.' 'लहंगा किराये का है, भैया, वापस करना है.' एका बाईने तर काही न बोलता पिशवीतून लाल बनारसीचा पदर थोडा बाहेर काढून हिरालालला दाखवला आणि रडायलाच लागली. तिच्या आईची साडी होती. मी उठून तिला तात्यापाऱ्याचा पत्ता सांगितला. ती म्हणाली, पण दीदींचं नाव काय सांगू? मी नाव सांगितलं. ती ते पुटपुटत गेली, विसरू नये म्हणून.

दोन दिवसांत त्रेसष्ट माणसं. नाव एकालाही माहीत नव्हतं. पण कोणी म्हणालं की माझ्या लग्नाचा शालू तिने वाचवला, कोणी म्हणालं की वडिलांचं धोतर तिने असं केलं की वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. मी खाली मान घालून लिहीत होतो. माझी सहा प्रमाणपत्रं वाचून कोणी रडलेलं मला आठवत नाही. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की हिरालालकडे मी चार चहा जास्त प्यायलो.

रूपालीने माझी वही घेतली आणि कमळासकट सगळं पान पुसलं. आता सगळ्यात वर फोन नंबर, मोठ्या आकड्यांत. त्याखाली, 'पंडरी की सीढ़ी के नीचे वाली रफू दीदी अब तात्यापारा में.' त्याखाली लोकांचीच वाक्यं, प्रेसने जळली, खिळ्यात अडकली, उंदराने कुरतडली. मग नकाशा. पान साध्या फोनवरही झटकन उघडावं म्हणून तिने बाकी काहीच ठेवलं नाही. एकच जागा मोकळी होती, फोटोची.

इथे पुन्हा अडलं. रूपालीला आधीचं फाटलेलं आणि नंतरचं जोडलेलं, असे फोटो हवे होते. पद्मिनीने सुई खाली ठेवली.

"लोकाईचं फाटलेलं लोकाईले दाखवाचं नाही. माह्या हाताचा फोटो काढ, पायजे तं."

हाताचा काढला. पण नुसत्या हाताने काय कळणार? रूपाली म्हणाली, मग घरातलं काहीतरी दे. पद्मिनीने थोडा विचार केला, उठली, कपाट उघडलं आणि माझा करडा कोट बाहेर काढला.

तो कोट म्हणजे माझा बक्षिसांचा कोट. सप्टेंबरच्या उकाड्यातही मी तोच घालून स्टेजवर जायचो. मी म्हटलं, यात रफू कुठे आहे? हा तर कधी फाटलाच नाही.

"फाटला नाही. जळला होता," ती म्हणाली. "तुमी शिग्रेट सोडली मनत होते, तवाचं हाये."

रूपालीने लॅपटॉपमागे तोंड लपवलं. मला सगळं आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी बिलासपूरहून बक्षीस घेऊन येताना गाडीच्या दारात उभं राहून मी एक ओढली होती, आणि ठिणगी डाव्या खिशाजवळ पडली होती. वाटाण्याएवढं भोक मी स्वतः पाहिलं होतं. घरी आलो, कोट खुंटीला मागचा भाग पुढे करून टांगला, आणि आता काय सांगायचं याचा विचार करत झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धीर करून पाहिलं तर भोक नव्हतंच. मला वाटलं, राख पडली असेल, अंधारात भोक दिसलं असेल. देवाला नारळ फोडला होता मी. पंधरा वर्षं देवाचे आभार मानत होतो, आणि ते करणारी माझ्यासमोर पोळ्या लाटत होती.

मी कोट खिडकीत नेला. चष्मा लावला, चष्मा काढला, कापड उलटं केलं, बोट फिरवलं. जागा मला माहीत होती, तरी सापडेना.

"कुठं हाये? दाखव ना."

"दाखोलं तं मंग केलं कायले?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

रूपाली माझ्याकडे बघत होती, कोटाकडे बघत होती, आणि मग तिने टाळी वाजवली. कोट दाराला टांगून उन्हात चार बाजूंनी फोटो काढले आणि पानावर टाकले. खाली एकच ओळ, 'इस कोट में रफू है. ढूंढकर दिखाइए.' आणि त्याखाली आईचं वाक्य, मी खोडायला लावलेलं, हिंदीत, 'मैं फटा हुआ दिखने नहीं देती. पद्मिनी धकाते.'

फोनने टिपून पान उघडायचे ते काळे ठिपक्यांचे चौकोन छापून आणले. एक हिरालालच्या ठेल्यावर चिकटवला. त्याला फार आनंद झाला, कारण आता त्याला बोलावं लागत नव्हतं, नुसतं चमच्याने दाखवायचं. मी कोटाचा फोटो निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला. आता तिथे लिहायचं तर होतं, की हे कोणाचं काम. मी 'श्रीमतीजी की कला' असं लिहिलं, पुसलं, आणि फोटो, खालची रफूची ओळ आणि नंबर एवढंच पाठवून दिलं. तेवढं धैर्य अजून आलं नव्हतं.

पण कोट सुटला. सकाळी पाठवलेला फोटो दुपारी मला भिलाईच्या साडूकडून परत आला. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर पोचला, कोणाच्या भिशीत पोचला, वकिलांच्या ग्रुपवर पोचला. उत्तरं येऊ लागली. लोक फोटोवर लाल गोल काढून पाठवायचे. कोणी बटणाला गोल केला, कोणी कॉलरला, एकाने खिशातल्या माझ्या पेनला केला. एक निवृत्त न्यायाधीश रोज सकाळी नवा गोल पाठवत, 'पुनर्विचार के बाद' असं लिहून. सगळ्यांना रूपाली एकच उत्तर द्यायची, 'नहीं मिला. आपका भी कुछ फटा हो तो ले आइए.'

आणि लोक आले. आधी जुनी, पिशवी छातीशी धरणारी. मग नवी, ज्यांनी जिना कधी पाहिलाच नव्हता. दुर्गहून आले, राजनांदगावहून आले, अभनपूरचा तो शेतकरीही आला. मुलीच्या लग्नाची शाल घेऊन आला आणि जाताना आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून गेला, असू द्या म्हणाला. नकाशावरची खूण आधी चुकून शेजारच्या शामराव बोकड्यांच्या अंगणात पडली होती, तर चार दिवस शामरावांकडे बायका साड्या घेऊन जात होत्या. ते विधुर गृहस्थ त्या चार दिवसांत रोज दाढी करत होते. खूण दुरुस्त झाल्याचं त्यांना मुळीच आवडलं नाही.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. रूपाली सांगायची, पानाखाली लोकांनी अभिप्राय लिहायला हवेत, त्याशिवाय नवीन माणूस विश्वास ठेवत नाही. पण लिहिणार कोण? बायका फोन करून पद्मिनीला दुवा द्यायच्या आणि म्हणायच्या, दीदी, लिहिलं तर सासू वाचेल. शेवटी एकीने वाट काढली. पाच तारे देऊन लिहिलं, 'मेरा काम हो गया. क्या काम, ये मत पूछिए.' ते वाचून बाकीच्यांना धीर आला. आता तिथे असे अठ्ठ्याण्णव अभिप्राय आहेत, आणि नेमकं काय फाटलं होतं ते एकातही नाही.

संक्रांतीला पद्मिनीने तिळाचे लाडू केले आणि खिडकीत बसून ओळीने आलेल्या बायकांना वाटले. सुयांचा डबा पोटमाळ्यावर गेला नाही. मी आठवण करून दिली नाही, तिनेही काढली नाही. न्हाणीघराच्या दाराशी बसून मी नंबर लावून देण्याचं काम करत होतो. आता गाठीची पावती मीच बांधतो. पहिल्या दिवशी तिने माझ्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या होत्या, आता दहातल्या दोनच सोडते.

जानेवारीच्या शेवटी ती म्हणाली, चला, पाहून येऊ माह्या जागेवर काय बसवलं ते. सकाळी थंडी होती. मी कोट घातला. स्कूटरवरून पंडरीला गेलो.

लिफ्ट झाली होती. स्टीलचं चकचकीत दार, वर लाल आकडे, बाजूला स्टुलावर नव्या वर्दीतला नवा चौकीदार. जिना मागे सरकवला होता, त्याची तिसरी पायरी आता अंधारात होती. ऊन मात्र तिथेच पडत होतं, पूर्वी पडायचं त्याच जागी, लिफ्टच्या दारावर. पद्मिनी त्या उन्हाकडे बघत उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण अशा वेळी बघितलेलं तिला आवडत नाही.

चौकीदाराने विचारलं, कितवा मजला? तेव्हा तिच्या अंगात काय आलं कोण जाणे, ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "भैया, यहां सीढ़ी के नीचे एक रफूवाली बैठती थी. कहां गई?"

चौकीदाराने सुस्कारा सोडला. रोज दहा जण विचारतात, म्हणाला. खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं, "पद्मिनी धकाते. तात्यापारा. नंबर लिख लो, अम्मा."

त्या इमारतीत तिने स्वतःचं नाव सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तिने दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले. पानावर तिच्या हातांचा फोटो आहे, ओळखू येतील म्हणून.

"और ये कोट देखो," चौकीदार फोन मोठा करत म्हणाला. "तीन हफ्ते से ढूंढ रहा हूं. होगा ही नहीं इसमें कुछ." मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं, आणि स्टुलावरून उठला. "अंकल, ये कोट..."

लिफ्टसाठी पाच-सहा माणसं थांबली होती. वरच्या मजल्यांवरचे व्यापारी, दोन बायका, गठ्ठा घेतलेला एक हमाल. मी घसा साफ केला. स्टेजवर करतो तसा.

"वही कोट है," मी म्हणालो. "और ये मेरी मिसेस हैं, पद्मिनी धकाते. रफू करती हैं. सत्ताईस साल यहीं बैठीं, जहां तुम्हारी लिफ्ट खड़ी है."

एवढं सोपं वाक्य होतं ते. एकाही शब्दाला शब्दकोश लागला नाही. पद्मिनी माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती कापड उलटं करून बघते.

मग चौकीदार म्हणाला, हात लावून बघू का? मी म्हटलं, बघ. तो वाकला. व्यापारी जवळ आले, त्यातल्या एकाने चष्मा बदलला. बायकांपैकी एकीने बाही उचलून धरली, हमालाने गठ्ठा खाली ठेवून मागची बाजू घेतली. मी दोन्ही हात वर करून उन्हात उभा होतो आणि सहा-सात माणसं माझ्या अंगावर बोटं फिरवत होती. पद्मिनी बाजूला उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. हात पदराबाहेर आले होते, तिच्या ते लक्षातही नव्हतं.

मागे लिफ्टचं दार उघडलं, थोडं थांबलं आणि बंद झालं. दोनदा ती रिकामीच वर गेली. कोणालाही सापडलं नाही.